हजर : आठ

सकाळी सहाला वडगावच्या नाक्यावर जमायचं ठरलेलं.
मी रेशनच्या रॉकेलचा डबा घेऊन गेले
आणि पिशवीभर चिंध्या.
शिवणकाम करते, चिंध्यांना तोटा नाही :
परकरांची अस्तरं, कुण्या नवरीच्या पोलक्याची उसवलेली बाही.

रात्रीत अकरा पाट्यांना काळं फासलेलं.
काही त्यांच्या, काही आमच्या.
(असं म्हणायचं नाही, हा आमच्या मंडळाचा
एकमेव लेखी नियम. खरं तोंडात येतंय.)

मंडळ म्हणजे कोण, तर
म्हादेवप्पा अंगडी, रिटायर कंडक्टर,
ज्यांच्या गाडीची काच एकदा कोल्हापुरात फुटली
आणि त्याच वर्षी परत इथं, घरच्या रस्त्यावर;
फिलोमिना सिस्टर, नाइट ड्यूटीवरनं थेट आलेल्या;
कॉलेजची दोन पोरं, उशिरा येणारी;
काशीम पेंटर, न बोलणारा.
बाकीची नावं वहीत आहेत.

आधी पिठाच्या गिरणीची पाटी.
डांबर रॉकेलनं सुटतं.
डांबराबरोबर अक्षरंही सुटतात
हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी जोर लावला आणि पहिल्यांदा 'पीठ' गेलं,
मग गिरणीवाल्याच्या आज्याचं नाव.
म्हादेवप्पा खाली शिडी धरून,
"निधान, अक्का, निधान."
दळणाचे डबे घेऊन बायका रांगेत उभ्याच होत्या.
गिरणी कुठं आहे ते आवाजावरनं कळतं.

गावाच्या नावात भांडण केवढ्याचं?
शेवटच्या एका वेलांटीचं.
कॉलेजच्या पोरांना हसू येतं.
मला येत नाही.
माझ्या मामाच्या डाव्या पायात
त्या वेलांटीची सळई आहे, थंडीत ठणकते.
म्हादेवप्पाही हसत नाहीत.
त्यांनी सीटवरच्या काचा हातानं वेचल्यात,
एका लेकराच्या केसांतल्यासुद्धा.

काशीमला विचारलं, "तुला दोन्ही लिप्या येतात?"
"वाचायला एकही नाही, ताई.
काढायला दोन्ही."
मग ब्रश पुसत, बऱ्याच वेळानं :
"ळ अवघड. दोन्हीकडं ळ अवघड."

घरी आले तर परसू जेवत होता.
धाकटा माझा. एकोणीस पूर्ण.
भाकरी डाव्या हातानं मोडत होता.
उजवा मांडीखाली.
मी आमटी वाढली.
तांब्या मुद्दाम त्याच्या उजवीकडं ठेवला
आणि ठेवल्यावर वाटलं, ठेवायला नको होता.
नखं. नखांच्या कडा. अंगठ्याची रेघ न् रेघ.
मला त्या वासाचा सकाळपासून सराव होता.

बोलायला पुष्कळ होतं.
मामाचा पाय होता, गिरणीवाल्याचा आजा होता,
आणि वहीतला तो नियम,
जो घरात कुठं लावायचा ते कुणी लिहिलेलं नाही.
परसू म्हणाला, "मीठ कमी आहे."
मी मीठ दिलं.

रॉकेलचा डबा मी नेहमी दाराबाहेर ठेवते.
त्या रात्री न्हाणीत ठेवला.
वर एक चिंधी, अस्तराची, मऊ.

रविवारच्या बैठकीत विषय वेगळेच निघाले.
मागच्या गल्लीचा नळ, तीन विधवांच्या पेन्शनचे अर्ज,
चहाचे पैसे या महिन्यात कुणी द्यायचे.
सिस्टर बसल्याबसल्या झोपल्या.
राहिलेल्या दोन पाट्यांचं काय, असं कुणी विचारलं,
तेव्हा म्हादेवप्पांनी डबा उचलला,
कानाशी हलवला.
"चार बोटं कमी आहे की ओ."

"सांडलं," मी म्हटलं.

तीस वर्षं कंडक्टर.
तिकीट न काढलेला माणूस
गर्दीत पाठमोरा असला तरी ओळखतात.
माझ्याकडं बघत राहिले,
आणि मग, "साक," म्हणाले, "साक,"
वही ओढली
आणि त्यांच्या त्या बाळबोध मराठीत लिहिलं :

हजर आठ.
रॉकेल आणने.

मी 'ने'चा 'णे' केला नाही.